तोच निरोप, नवा ठसा

रविवारी सकाळीच रणजितचा फोन आला. आईच्या आवाजात कुणीतरी फसवतंय, लगेच ये, म्हणाला.

शर्वाणी आयर्लंडमधल्या नावन गावाहून डब्लिनच्या सँट्री भागात त्याच्या घरी पोचली. फायलींमधली लबाडी शोधणं हा तिचा पेशा, त्यामुळे मित्रांना तिची आठवण अडचणीतच यायची. रणजित एकटा राहायचा. इतका, की तिच्या चहासाठी दुसरा कप प्रेसमध्ये, म्हणजे भिंतीतल्या कपाटात, शोधावा लागला. कपामागे चिवड्याचा डबा होता. त्यावर बाबांच्या अक्षरात आधी 'श्री', खाली 'तिखट आहे'.

"बाबा श्री काढल्याशिवाय काही लिहीतच नाहीत," रणजित म्हणाला.

आईबाबा नागपूरला. महिनाभर आई फोनवर येत नव्हती. झोपलीय, असं बाबा सांगत. पण रोज तिचा बोललेला निरोप यायचा. जेवला का रे, स्वेटर घाल. काल त्याच्या लक्षात आलं, कुकरची शिट्टी रोज 'स्वेटर'वरच वाजते.

निरोप साठवायचा प्रोग्रॅम त्यानेच लिहिला होता. तीच फाइल पुन्हा आली तर तो घ्यायचा नाही. या मात्र सगळ्या नव्या म्हणून घेतल्या होत्या.

शर्वाणीने फायली तपासल्या. आवाज तंतोतंत एकच. प्रत्येकीला एक टिप्पणी मात्र जोडलेली.

"तुझा प्रोग्रॅम फायलीचा हॅश बघतो. हॅश म्हणजे फायलीच्या अंगठ्याचा ठसा. टिप्पणी जोडली की ठसा बदलतो, आवाजाला धक्का लागत नाही."

"नागपूरला आमच्या वरच्या मजल्यावरचा परेश कॉम्प्युटरवाला आहे. त्याचंच काम."

"टिप्पण्या जोडायला बाबांना कुणी शिकवलं?"

"मीच. दिवाळीत, फोटोंना नावं द्यायला." तो थांबला. "बाबा?"

"सुरुवातीच्या टिप्पण्यांत श्री आणि तारीख आहे. तेव्हा आई होती, पण बहुधा बोलू शकत नव्हती. म्हणून बाबा जुनाच निरोप नवा करून पाठवायला लागले."

"आणि नंतरच्या?"

"नुसती तारीख."

"बाबांना श्रीशिवाय लिहिताच येत नाही."

"एकाच प्रसंगी येतं, रणजित. घरात सुतक असताना."

डोक्यावरून विमान गेलं. शर्वाणीला आपल्या हुशारीचा भयंकर राग आला.

रणजितने नागपूरला फोन लावला. बाबा नेहमीसारखे सुरू झाले, आई जरा झोपलीय म्हणून.

"बाबा, तुम्ही जेवलात का?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तू तिथं एकटा," बाबा म्हणाले. "कोणापाशी रडला असता रे?"

मग त्यांनी हळूच सांगितलं, ती गेल्यापासून घरात कुकर लावलेला नाही.