उपडा कप

मोबाइल ठेवा रे खाली. आणि तू दाराकडे तोंड करून बस, म्हणजे मध्येच मागे वळून बघायची पाळी येणार नाही. ही काही ऐकीव गोष्ट नाही. तुमच्या मोठ्या आत्याचे यजमान, आमचे दाजी, त्यांच्या बाबतीत घडलेली आहे. ताई माझी सख्खी बहीण. तिच्याबद्दल मी थापा मारणार नाही.

दाजींचा फोटो स्टुडिओ कॉलेजच्या फाटकासमोर. चौकातल्या हॉटेलात वरच्या मजल्यावर लाउंज होतं. हिरव्या रेक्झिनचे सोफे, ठेंगणी टेबलं, प्रत्येक टेबलावर एक दिवा. तिथं खोली घ्यायची ऐपत कुणाची? पण एका कॉफीवर अख्खी दुपार काढली तरी वेटर हूं की चूं करत नसत. आणि तिथं एक रीत होती. आपलं माणूस यायचं असलं, की दुसरा कप मागवून बशीत उपडा ठेवायचा. मग ती जागा कुणी घेत नसे. येणाऱ्यानं आपल्या हातानं कप सुलटा करायचा, की वेटर कॉफी ओतायचा. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही.

ताईसमोरचा कप कायम उपडाच. दाजी डार्करूममध्ये शिरले की त्यांना जगाचा विसर पडायचा. तासाभरानं घामाघूम होऊन धावत यायचे. ताई म्हणायची, "आलात एकदाचे!" लग्नाआधी हेच, लग्नानंतरही हेच. आम्ही दोघांची यथेच्छ टिंगल करायचो.

शेवटीही तेच झालं. ताई हॉस्पिटलात, सारखी दाराकडे बघत होती. दाजी कुणाच्या तरी लग्नाचे फोटो काढत होते. "एवढं उरकून येतोच," म्हणाले. आले तेव्हा चादर तोंडावरून ओढलेली होती. माणूस पार खचला. जेवताना, झोपताना एकच घोकणं, "एकदा भेटायला हवं होतं रे. एकदाच."

लाउंज बंद पडून वर्षं लोटली होती. परवाच्या नोव्हेंबरातला तिसरा मंगळवार. हॉटेलमालकाचा निरोप आला, की उद्यापासून इमारत पाडतोय, तुम्ही काढलेला मोठा फोटो अजून भिंतीवर आहे, तेवढा घेऊन जा. संध्याकाळी साडेसातला लेकीनं गाडीतून नेलं. अंधार पडला होता. ती खाली थांबली. वॉचमननं बॅटरी दिली. "वर काही नाही साहेब, सगळं सामान विकलं," म्हणाला.

खरंच काही नव्हतं. फरशी, भिंती, छतातून लोंबणाऱ्या वायरी. दाजींनी फोटो उतरवला. काचेवरची धूळ बाहीनं पुसली. पुसता पुसता काचेत उजेड दिसला.

पिवळा. पाठीमागे.

ते वळले. कोपऱ्यात एक टेबल. दिवा. सोफा... आणि ताई.

आजारातली नव्हे. विशीतली. समोर कप, बशीत उपडा.

तुम्ही असता तर धूम ठोकली असती. दाजी गेले. जाऊन बसले. हात आपोआप कपाकडे गेला. कप सुलटा केला. मागून कुणीतरी वाकलं. पांढरी बाही तेवढी दिसली. कॉफी ओतली गेली. वाफ नव्हती.

"आलात एकदाचे," ताई म्हणाली. तोच आवाज.

दाजींना रडू फुटलं. "चुकलं गं माझं. मी त्या दिवशी..."

"प्या."

तिनं त्यांचं उजवं मनगट धरलं. घट्ट. दाजींनी डाव्या हातानं कप उचलला. ओठांपर्यंत नेला...

"आता कुठं जायचं नाही."



"बाबा!" खालून हाक आली. "बाबा, किती वेळ?"

दाजी थांबले. लेकीचा आवाज ताईनंही ऐकला. तिची नजर क्षणभर जिन्याकडे गेली. बोटं मात्र... एकही सैल झालं नाही.

दाजींनी हिसका दिला. कप पडला. आवाज आला नाही. जिना कसा उतरले, त्यांचं त्यांना माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन ढसाढसा रडले. भीतीनं नव्हे. "या खेपेला मी वेळेवर पोचलो होतो रे," म्हणाले. "तिनं हात धरला, आणि मीच सोडवून घेतला." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. माझीही बहीणच ना ती. तोवर इमारत निम्मी पडली होती.

चार महिन्यांनी दाजी गेले. झोपेतच, मध्यरात्रीनंतर कधीतरी. लेकीचा फोन आला तसा मी धावलो. डॉक्टर येऊन गेले होते. मी कपाळाला हात लावला. थंडगार. गाल, छाती, डावा हात... सगळंच. उजवा हात पलंगाबाहेर आला होता. तो आत घ्यावा, म्हणून मी मनगट धरलं.

गरम होतं.