पौंडभर चांदी

"चोर सापडलाय. फक्त येऊन घेऊन जा," रसेल पेनरोज फोनवर म्हणाला.

ब्यूट शहराच्या पोलिसात सव्वीस वर्षं काढलेल्या आइनो कॅलियोने दुखरा गुडघा चोळला आणि गाडी काढली. असे तयार चोर तिने पुष्कळ नेले होते. त्यातले निम्मे घरी परत सोडावे लागले होते.

पेनरोजांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नाण्यांची दहा फोडलेली पुडकी पडली होती. रसेलची आई व्हेल्मा, वय ऐंशीच्या पुढे, ओट्याशी मांस भरलेल्या, करंजीसारख्या पेस्टीची कड पिरगळत होती. दोरीला पीळ घालावा तशी. कोपऱ्यात तिची मदतनीस डार्ला, रडून रडून थकलेली.

"डॅडचे चांदीचे डॉलर," रसेल म्हणाला. "दोनशे. आज विकायला नेले, तर प्रत्येक पुडक्यात टोकाचे दोनच खरे! मधले अठरा भलतेच."

आइनोने एक मधलं नाणं उचललं. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरचा चेहरा, आणि कडेवर लालसर रेघ.

"आत तांबं, वर निकेलचा मुलामा. किंमत छापील एक डॉलरच."

"यातही चांदीचे निघतात म्हणे?"

"थोडे निघतात. पण त्यांना ही लाल रेघ नसते." तिने बाकीची नाणी पालथी केली. अठ्ठ्याहत्तर सालानंतरचं एकही नव्हतं. "चोर डार्लाच कशावरून?"

"दुसरं येतं कोण इथं? तिला पाठवणाऱ्या कंपनीला कळवलं मी. त्यांनी सकाळीच काढलं तिला."

"आता लायसन्सही जाईल," डार्ला म्हणाली. "मग मला कोण दारात उभं करणार?"

"डार्ला, तू कधीपासून आहेस इथे?"

"ईस्टरनंतर. एप्रिलपासून."

"बघा!" रसेलने वही पुढे केली. "डॅड गेल्यावर जानेवारीत मी यादी केली. दहा पुडकी, वजन प्रत्येकी एक पौंड. तेव्हा सगळं जागच्या जागी होतं."

"उघडून पाहिलंस?"

"कशाला? टोकाचं नाणं दिसत होतं की."

आइनो दमल्यासारखी हसली. "ओट्यावरचा वजनकाटा दे."

तिने दहा पुडक्यांतली टोकाची खरी नाणी वेचली. बरोबर वीस. एका पुडक्याइतकी. काटा एक पौंड आणि जवळजवळ तीन औंसांवर थांबला.

"खऱ्या चांदीचं पुडकं एवढं भरतं, बाबा. एक पौंड भरतं ते या तांब्याचं. म्हणजे जानेवारीत तू खोटीच पुडकी जोखलीस. डार्लाला तेव्हा हे घर माहीतही नव्हतं."

रसेलचा चेहरा उतरला. "मग... डॅड?"

आइनोने पुडक्याचा फाटलेला तपकिरी कागद त्याच्यापुढे धरला. टोकाला नाण्याभोवती कागदाची कड पिरगळून आत वळवली होती. दोरीला पीळ घालावा तशी.

"मिसेस पेनरोज, हा पीळ तुमच्या हातचा."

ओट्यावरचे हात थांबले.

"एकोणीसशे ऐंशीच्या जानेवारीत चांदीचा भाव आभाळाला टेकला होता," आइनो म्हणाली. "विकायला रांगा लागल्या होत्या. तुम्हीही होतात त्यात?"

"याच्या बापाचं, हार्लनचं काम सुटलं होतं गं," व्हेल्मा म्हणाली. "पुडकी हातात घेऊन म्हणायचा, हे आहे तोवर आपण कुणाचे मिंधे नाही. घरात पीठ नव्हतं, आणि लहानग्या रसेलला न्यूमोनिया झालेला. काय करणार? मधली चांदी विकली, साधे डॉलर भरले, आणि त्याचा तोरा तेवढा शाबूत ठेवला."

"आणि आज?" रसेलचा आवाज चिरकला. "ती रडत होती मॉम, आणि तू पेस्टी करत बसलीस?"

"चाळीस वर्षं गप्प बसलेल्या तोंडाला उघडायला वेळ लागतो. लाज वाटते, रसेल."

"स्वतःच्या घरची चांदी विकली, त्यात पोलिसांचं काम नाही," आइनो म्हणाली. "पण आज सकाळचं जे झालं, ते तुमचं दोघांचं."

व्हेल्माने हात पुसले, फोन उचलला आणि डार्लाकडे कंपनीचा नंबर मागितला. डार्लाने एकेक आकडा सावकाश सांगितला.

"व्हेल्मा पेनरोज बोलतेय. डार्लाने काही चोरलं नाही. मीच विकलं, आणि आज तिचं नाव घेतलं गेलं तेव्हा मी तोंड मिटून बसले. हे सगळं लिहून घ्या. मी धरते फोन."

डार्लाने कोट चढवला.

"उद्या येशील?" व्हेल्माने रिसीव्हरवर हात ठेवून विचारलं.

"आधी त्यांचं लिहून होऊ दे," डार्ला म्हणाली, आणि कोट न काढता खुर्चीत बसली.