खाडीसंचातली सोळा कार्डं

"चौसष्ट झाली, आता पुरे," असं स्वराजने तिसऱ्यांदा सांगितलं आणि मेघालीने तिसऱ्यांदा न ऐकल्यासारखं करून पासष्टावं कार्ड रंगवायला घेतलं. त्यावर चिखलातून डोळे वर काढून बसलेली निवटी होती, खाडीच्या चिखलात उड्या मारणारी छोटी मासळी.

'महारण' या कार्डांच्या खेळाने या सुट्टीत बोईसरची अर्धी पोरं वेडी केली होती. पण त्यातले तेच ते बर्फाळ राक्षस बघून स्वराज, मेघाली आणि त्यांची मैत्रीण प्रियदर्शिनी या तिघांना वीट आला होता. म्हणून त्यांनी मूळ खेळाला जोडायला स्वतःचा 'खाडीसंच' काढला. चित्रं मेघालीची, कारण तारापूरला तिच्या बाबांची होडी आणि तिला मासा नुसत्या शेपटीवरून कळतो. नियम स्वराजचे. चुका काढणं प्रियदर्शिनीकडे, ते तिला न शिकवता येतं. रविवारी पालघरला महारणच्या चाहत्यांचा मेळावा होता. तिथला सर्वांत चांगला घरगुती संच चित्रकाराच्या नावानिशी छापला जाणार होता. मेघालीला ते नाव हवं होतं. आजवर तिचं नाव फक्त हजेरीपटावर छापलेलं होतं.

संचात सोळा कार्डं नुसत्या आकड्यांची होती, एक ते पंधरा आणि तीस. डाव सुरू होताना त्यातलं एक उलटायचं, म्हणजे खाडीला पाणी किती ते कळायचं. कसं कळायचं, ते लिहून काढ म्हणून स्वराज महिनाभर मागे लागला होता. मेघालीचं उत्तर ठरलेलं, "हे काय लिवायचं? आमच्यात सगल्यांना ठाऊक हाय."

शुक्रवारी कमलेश सर कार्डं घेऊन गेले. हे सर उन्हाळी शिबिर चालवत, म्हणजे पंख्याखाली बसून मोबाइल बघत आणि पोरांना 'शिस्त, शिस्त' म्हणत. कार्डं स्कॅन करून देतो म्हणाले. शनिवारी सरांच्या स्टेटसवर निवटी झळकली, बाजूला आकड्यांची कार्डं. खाली ठळक अक्षरांत 'संकल्पना व चित्रे : कमलेश सर. उद्या पालघरच्या मेळाव्यात'. या माणसाला साधी चिमणी काढता येत नव्हती. फळ्यावर त्यांनी काढलेल्या चिमणीला पोरं वांगं समजली होती.

मेघाली रडली. राग आला की ती रडते. स्वराज भांडायला निघालाच होता, पण प्रियदर्शिनी फोटो मोठा करून बघत बसली आणि हसत सुटली. सरांनी स्कॅन केलेल्या आकड्यांच्या कार्डांवर स्वतःच्या अकलेने 'शक्ती' असं छापलं होतं. ती म्हणाली, आज गप्प बसायचं. सरांना उद्या सगळ्यांसमोर बोलू द्यायचं, बाकीचं ते स्वतःच करतील.

आणि सरांनी केलं. पालघरच्या सभागृहात त्यांनी दहा मिनिटं आपल्या प्रतिभेवर भाषण ठोकलं. परीक्षक वर्षाराणी बाई मान डोलावत होत्या. प्रियदर्शिनीने हात वर केला आणि अगदी गरीब आवाजात विचारलं, "सर, पंधरानंतर एकदम तीस कसे? सोळा ते एकोणतीस कुठे गेले?"

सर म्हणाले, ती पुढच्या भागात येतील. तीस सर्वांत बलवान, पंधराच्या दुप्पट.

मेघालीसोबत तारापूरहून आलेल्या, मागे बसलेल्या मासेवाल्या बायका खो खो हसल्या. बाईंनी विचारलं, काय झालं? तेव्हा मेघाली उठली.

"त्या तिथ्या हायत, बाई. पंधरा म्हणजे पुनव, तीस म्हणजे अवस. दोनीला सारखंच उधाण. आठला भांग, पानी कमी. सोला नसतोच, पुनवेनंतर परत एकपासून मोजतात. घरातलं कॅलेंडर बगा."

भिंतीवरच कॅलेंडर होतं. बाईंनी जाऊन बघितलं, अमावास्येच्या चौकोनात बारीक तीस छापलेला होता. मग त्यांनी सरांना कागद देऊन एक निवटी काढायला सांगितली. सरांना अचानक महत्त्वाचा फोन आला आणि ते बाहेर गेले ते गेलेच. त्यांचा फोन मात्र टेबलावर राहिला होता.

खाडीसंच छापायचा ठरला. सरांनी टेबलावर मांडलेली मूळ कार्डं मेघालीच्या हाती देत बाई म्हणाल्या की घरात रोज वापरतात ते ज्ञान खेळात आणायला डोकं लागतं, आणि ते या पोरांकडे आहे. मग फॉर्मवर त्यांनी तिच्याकडूनच नाव लिहून घेतलं. तिने सावकाश, वळणदार लिहिलं.

परतताना स्वराज म्हणाला, कमलेश सरांचंही एक कार्ड करू या, शक्ती शून्य.

मेघालीने निवटीवरची धूळ फुंकली. "नको. चित्र काढायला मेहनत लागते."