एक टाका उलट

“ते दोन गुंडे माझे आहेत!”

भानू हे म्हणाली खरी, पण गुंडे एका अनोळखी माणसाच्या हातात होते, आणि त्यानं पैसेसुद्धा चुकते केले होते.

गुलमंडीच्या गल्लीतलं चतुराबाईंचं लोकरीचं दुकान म्हणजे एक लांबट फडताळच. दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्यानं रस्त्यात थांबायचं. भानू धापा टाकत पायरीवर उभी होती. तिच्या पिशवीतून सुयांची टोकं बाहेर डोकावत होती.

“तुमचे?” त्यानं गुंडे उलटसुलट करून पाहिले. “नाव तर नाही दिसत कुठं.”

“लॉट नंबर आहे ना त्यावर! माझी शाल अर्धी झालीय याच लॉटमध्ये. दुसरा लॉट लावला तर रंग बदलून मधोमध पट्टा दिसेल… ठिगळासारखा.”

त्यानं फळीवरचा दुसरा मोतिया गुंडा उचलून शेजारी धरला. “मला तर दोन्ही सारखेच दिसायलेत.”

“तुम्हाला दिसणारच. तुम्ही—” ती अडखळली.

“पुरुष आहात,” गल्ल्यावर बसलेल्या चतुराबाईंनी तिचं वाक्य पुरं केलं.

तो हसला. हसताना त्याची मान किंचित डावीकडे कलली, आणि भानूला उगाचच वाटलं, या मानेला राखाडी मफलर शोभेल.

“मलाही शालच पाहिजे होती,” तो म्हणाला. “आईसाठी. विणणारं कुणी सापडंल म्हणून आधी लोकर घेऊन ठेवली.”

“अर्धी शाल हिच्याकडं, अर्धी लोकर तुमच्याकडं,” चतुराबाई म्हणाल्या. “अन् भांडण माझ्या दारात. मला गिऱ्हाइकं बघू द्या की रे.”

भानूनं एक क्षण विचार केला. तिची अर्धी शाल तशी कुणाचीच नव्हती. समर्थनगरातल्या तिच्या घरात आता विणायला काही उरलंच नव्हतं. टीव्हीवर लेस होती, मिक्सरला झबलं होतं, माठाला झालर होती. वडिलांना, आप्पासाहेबांना, तीन कानटोप्या होत्या. आई म्हणायची, “औरंगाबादेत थंडी ती केवढीशी, अन् या पोरीची लोकर केवढी!”

“ही शाल तुमच्या आईंना देते,” ती म्हणाली. “गुंडे मला द्या. निरोप कुठं पाठवू?”

“चिकलठाण्याला. हवामान खात्यात आहे मी.”

“नाव?”

तो जरा थांबला. “के. पी.—”

“के म्हणजे?”

“…कडूबा.”

किशोर, किरण, कौस्तुभ… एवढी नावं तिच्या मनात रांगेत उभी होती, आणि आलं ते हे. तिला हसू फुटलं. तोंडावर हात ठेवला, तरी फुटलंच.

तो रागावला नाही. गुंडे तिच्या हातात ठेवत म्हणाला, “हसा. सवय आहे. लोक आधी हसतात, मग कामाचं बोलतात.”

सायकलची घंटी वाजवत तो गर्दीत दिसेनासा झाला. गुंडे त्याच्या हातातून आले होते. अजून उबदार होते. भानूला एकदम स्वतःचीच लाज वाटली.

पुढच्या शनिवारी तो आला. शाल कुठवर आली ते बघायला, असं म्हणाला. त्याच्या पुढच्याही शनिवारी आला. चतुराबाईंनी पायरीवर एक पोतं अंथरून दिलं आणि शेजारच्या हॉटेलातून कटिंग मागवायला सुरुवात केली.

“आज पहाटे पारा अकरावर होता,” तो बसता बसता सांगायचा.

“म्हणजे थंडी पडणार?”

“ते पुण्याचे लोक सांगतात. मी फक्त पारा बघतो.”

“मग तुमचा उपयोग काय?”

“शाल कधी लागंल ते कळतं ना तुम्हाला.” तो तिच्या बोटांकडे बघत राहायचा. “हे काय केलं आता?”

“दोन टाके एकत्र घेतले. याला दोनाचा एक म्हणतात.”

“आमच्या गावाकडं दोनाचे चार करतात.”

सुई थबकली. भानूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “शालीबद्दल बोला,” ती म्हणाली.

“शालीबद्दलच बोलायलोय.” त्याचा चेहरा अगदी साळसूद होता. “दोनाचा एक केला, तर टाका कमी नाही होत?”

“होतो ना. म्हणून लगेच सुईवर मोकळा धागा घ्यायचा. तिथं भोक पडतं… आणि टाका परत येतो.”

“मुद्दाम भोक पाडता?”

“लेस म्हणजे दुसरं काय असतं? पाडायची, पण अंदाजानं.”

एका शनिवारी पाऊस आला. भर हिवाळ्यात, काही चिन्ह नसताना. बारीक, गार, रेशमासारखा. दोघं दुकानाच्या पत्र्याखाली सरकले. शाल भिजू नये म्हणून त्यानं आपल्या शर्टाची बाही तिच्यावर धरली, आणि शालीबरोबर भानूचा खांदाही त्या बाहीखाली आला.

“पाऊस नाही म्हणाला होतात!”

“पारा म्हणालो होतो. ढगाचं माझ्याकडं नाही.”

ती हसली. मग हळूच म्हणाली, “त्या दिवशी… मी हसायला नको होतं.”

तो गल्लीतून वाहणाऱ्या पाण्याकडे बघत राहिला. “माझ्या आधीची दोन भावंडं राहिली नाहीत. म्हणून आजीनं हे नाव ठेवलं. कडू वस्तू कुणी उचलून नेत नाही ना… देवसुद्धा.”

पत्र्यावर पाऊस टपटपत होता. भानूनं शालीची कड उलगडली, आणि त्याचं बोट धरून एका जागी टेकवलं. गुळगुळीत विणीत तिथं एक बारीकसा दाणा लागत होता.

“लागला? इथं सुलट टाका पाहिजे होता. मी उलट घातलाय. प्रत्येक विणकामात घालते. लहान बाळाच्या गालावर काजळाचा ठिपका लावतात ना, तसा. शालीची तीट आहे ती.”

त्याचं बोट त्या दाण्यावरून लवकर निघालं नाही. तिचंही निघालं नाही.

“भिजाल रे दोघं!” आतून चतुराबाई ओरडल्या. “अन् माझं पोतं पण भिजवाल!”

घरी मात्र वेगळंच वारं होतं. नाशिकचं स्थळ आलं होतं. पुढच्या रविवारी मंडळी बघायला येणार होती. शेवटी भानूनं धीर करून आईला सांगितलं. सिल्लोडकडचे शेतकरी लोक आहेत, आपल्यातलेच आहेत, मुलगा सरकारी नोकरीत आहे.

दमयंतीबाई मेथी निवडत होत्या. “नाव काय?”

“कडूबा.”

मेथीची जुडी परातीत पडली. “अगं बाई! पत्रिकेत काय छापायचं? भानुमती आणि कडूबा? तुझ्या मावश्या जन्मभर हसतील. मुलगा चांगला असेल, नाही म्हणत नाही. पण मग नाव बदलू दे म्हणावं. एवढ्याशा गोष्टीला काय होतं?”

“तुझं बदललं तेव्हा तुला काय झालं होतं, आई?”

दमयंतीबाईंचे हात थांबले. माहेरी त्या सरू होत्या. लग्नात तांदळावर दमयंती लिहिलं गेलं होतं.

“मला काय होणार?” त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळानं, भाजीकडे बघतच म्हणाल्या, “वर्षभर हाक मारली तरी कळायचं नाही… मलाच बोलावतायत म्हणून.”

मग त्यांनी मेथीची जुडी पुन्हा उचलली. नाशिकला नकार मात्र कळवला नाही.

शनिवारी शाल पुरी झाली होती. भानूनं ती पायरीवर उलगडली, तेव्हा उन्हाची जाळी कडूबाच्या गुडघ्यांवर पडली. तो कितीतरी वेळ शालीकडे बघत राहिला.

“मी पण एक काम करायलोय,” तो म्हणाला. “राजपत्रात छापून आलं की नाव बदलून मिळतं. किरण… कसं वाटतं?”

भानूनं चमकून वर पाहिलं. “कुणी सांगितलं तुम्हाला बदलायला?”

“कुणी नाही.”

“मग?”

“दुसरे हसले तर मला काही वाटत नाही.” त्यानं शालीची घडी घालायचा प्रयत्न केला; ती काही त्याला जमली नाही. “तुम्ही हसलात… ते मात्र लागलं.”

भानूनं शाल त्याच्या हातातून ओढून घेतली. “कुणी या शालीतला तो टाका उसवून नीट केला, तर चालेल मला?”

“नाही. ती तीट आहे ना.”

“मग तुमच्या आजीनं घातलेला टाका तुम्ही कसा उसवता?”

त्यानं हात पुढं करून शालीवरचा तो दाणा चाचपला.

“आणि किरण नावाचं कुणी माझ्या ओळखीचं नाही,” ती म्हणाली. आता मागे फिरायला जागा नव्हती. “मी दर शनिवारी कडूबाची वाट बघते… सकाळपासून.”

आत चतुराबाईंच्या हातातली कात्री थांबली. गल्लीतून एक रिक्षा गेली, एक कांदेवाला गेला. कडूबाचे कान हळूहळू डाळिंबासारखे लाल झाले.

“नाशिकची मंडळी कधी येणार?” त्यानं विचारलं. त्या स्थळाचं तिनंच त्याला सांगितलं होतं.

“पुढच्या रविवारी.”

“मग आम्ही उद्याच येतो. आईला घेऊन.”

कडूबाच्या आई, साळूबाई, आल्या त्या नऊवारीवर मोतिया शाल पांघरून. सोफ्यावर बसायला त्यांना अवघड वाटलं. त्या सतरंजीवर टेकल्या, म्हणून दमयंतीबाईंनाही खाली बसावं लागलं. आप्पासाहेबांनी पेपर धरला होता, पण त्याचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

साळूबाईंची बोटं शालीच्या कडेवरून फिरत होती. एकदम थांबली.

“ह्ये बगा. पोरीनं तीट लावलीया.”

“अहो, चूक आहे ती,” दमयंतीबाई ओशाळून म्हणाल्या. “किती सांगितलं तरी दर वेळी एक टाका चुकवतेच.”

“चूक न्हाय, ताई.” साळूबाई हसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “माज्या सासूनं बी असंच केलं व्हतं. दोन लेकरं गेली माजी. ह्यो झाला, तवा तिनं सुपात घालून उकिरड्यापाशी ठिवला, अन् परत उचलून आणला. म्हनली, कडू हाय, कुनाला नको, मलाच ऱ्हाऊ दे. कडूबा नाव ठिवलं… अन् ह्यो राहिला बगा.”

दमयंतीबाईंनी भानूकडे पाहिलं. ही पोर रांगायची तेव्हा त्या रोज हिच्या तळपायाला काजळ लावायच्या. दोनदा लावायच्या, एकदा पुसलं गेलं असेल म्हणून. ते त्यांना आत्ता का आठवावं?

त्या पदर सावरत उठल्या. स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या.

“कडूबा,” त्यांनी हाक मारली. नाव पहिल्यांदाच तोंडात येत होतं, जरा जपूनच आलं. “चहात साखर किती?”

“दोन चमचे.”

“तीन घालते. नावाला पुरायला पाहिजे.”

पेपरमागून आप्पासाहेब हसले. मग साळूबाई हसल्या, आणि मग कडूबा… मान डावीकडे कलवून.

निघताना भानू फाटकापर्यंत आली. तिनं पदराआडून राखाडी मफलर काढला आणि त्याच्या हातात दिला. साळूबाई रिक्षा थांबवायला मुद्दामच लांबवर गेल्या होत्या.

त्यानं मफलर बोटांखालून सरकवला. एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग उलटा करून पुन्हा.

“सापडत नाही,” तो म्हणाला. “तीट कुठं घातलीय?”

“यात नाही घातली.”

“का? मला दृष्ट लागली तर?”

भानूनं मफलर घेतला, आणि टाचा उंचावून त्याच्या गळ्याभोवती एक वेढा दिला. अगदी तसाच, जसा तिनं पहिल्याच दिवशी मनात दिला होता.

“कशी लागेल?” ती हळूच म्हणाली. “तुमच्या आजीनं तीट केव्हाच लावून ठेवलीय. मी फक्त हाक मारत राहीन… कडूबा.”