वेढा डावाच!

प्रकाशन संस्थेच्या लिफ्टमध्ये तो फोनवर हसत सांगत होता, "अगं ताई, पान बेचाळीसचं चित्र चक्क उलटं काढलंय! चित्रकाराला डावं-उजवं कळत नसावं."

पान बेचाळीस माझं होतं.

"कळतं," मी म्हणाले. "ते चित्र मीच काढलंय."

त्यानं फोन खिशात टाकला. कानाच्या पाळ्या लालेलाल. "मी... म्हणजे, या पुस्तकाचा तज्ज्ञ..."

"माहितीये. तुमच्या एका शेऱ्यानं माझं तीन आठवड्यांचं काम बाद झालं. संध्याकाळी पुस्तक छपाईला जातंय, माझ्या चित्राशिवाय!"

मी त्याला तसंच माझ्या टेबलाशी नेलं, चित्र समोर आपटलं. डीएनएचा लांबलचक धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला. वेढे घट्ट असले की त्या भागातलं जनुक गप्प बसतं. सैल झाले की पेशीला ते वाचता येतं. शाळकरी मुलांना हे नुसतं बघून कळावं, म्हणून एकेक वेढा मी हातानं रंगवला होता. त्यावर याचा शेरा – 'पीळ उजवा हवा!'

"धाग्याचा स्वतःचा पीळ उजवाच काढलाय. नीट बघा," मी म्हणाले. "पण प्रथिनाभोवती तो वेढे घेतो, ते डाव्या वळणानं. दोन्ही एकच का?"

तो वाकला. बोटानं एकेक वेढा तपासत गेला. बाहेर पाऊस खिडकीवर तडतडत होता.

"तुमचं बरोबर आहे," तो हळूच म्हणाला. "नऊ वर्षं हिस्टोनवरच काम करतोय हो मी..."

"मग नऊ वर्षं झोपा काढल्या?"

तो खो खो हसला. मी नाही.

तसाच तो संपादकबाईंकडे गेला. त्या ओरडल्या, "आता बदल? शक्य नाही!"

"मग तज्ज्ञ म्हणून माझं नाव काढा. चूक माझी आहे, शिक्षा यांना का?"

सगळे माना वर करून बघत होते. बाईंनी कपाळावर हात मारला आणि छापखान्याला फोन लावला.

खाली दाराशी पाऊस थांबायची वाट बघत आम्ही दोघंच उभे होतो. त्याचा अर्धा खांदा भिजत होता... कोरडी जागा त्यानं मला दिली होती.

"कॉफी?"

"माझा राग गेलेला नाही."

"मग रागावूनच या की."

गेले. पुढचे दोन महिने जातच राहिले, दर वेळी काहीतरी नवीन भांडण घेऊन. एके दिवशी मी तावातावानं बोलत असताना तो मध्येच म्हणाला, "मला तू आवडतेस."

मी कप आदळला. "मध्ये बोलू नकोस! अजून राग आहे मला."

"किती दिवस राहील?"

"दिवस?" माझा आवाज का कोण जाणे, खाली आला. "वर्षं लागतील... बरीच."

"चालेल," तो म्हणाला, आणि सांडलेली कॉफी पुसायला लागला.