वहिनीचं विमान

"आदिनाथच्या अपघाताच्या भरपाईचे पैसे मी मोनिकाला दिले," रंगुबाई म्हणाली आणि तिनं लेकीच्या ताटात आणखी एक पुरी वाढली. "विमानाच्या ट्रेनिंगला. पंधरा दिवस झाले."

अश्विनीचा घास हातातच राहिला. भावाचं वर्षश्राद्ध आटोपून पाहुणे नुकतेच पांगले होते, अंगणात पत्रावळी उचलायच्या राहिल्या होत्या, आणि भिंतीवरचा दादा नव्या हाराआडून नेहमीसारखाच हसत होता... तिला वाटलं, आता आपण ओरडू, रडू, काहीतरी करू. पण आतून काहीच आलं नाही. गेलं वर्षभर असंच चाललं होतं. दादाची मोटारसायकल सुप्याच्या रस्त्यावर ट्रकखाली गेल्याचं कळलं त्या दिवसापासून तिच्या अंतःकरणावर कुणी जड दगड ठेवावा तसं झालं होतं, आणि त्या दगडाखाली दुःखसुद्धा हलत नव्हतं.

"सगळे?" तिनं विचारलं.

"माज्या नावावर आल्ते तेवढे सगळे."

"मला इचारलं न्हाईस."

"काय इचारायचं त्यात?"

अश्विनीनं ताट बाजूला सारलं. तिचा आवाज चढला नाही. तो इतका सपाट होता, की दारात उभ्या असलेल्या वहिनीनं, मोनिकानं, मान वर करून पाहिलं. "मला वाटा नको हुता, आई. पर नगरला माझा नर्सिंगला नंबर लागल्ता तवा तू म्हनलीस, पैसे एकाच्याच शिक्शनापुरते हायेत, दादाचं हुंदे. मी एक शबूद बोलले न्हाई. तू दाखवलास त्या घरी लग्न करून गेले. मग सुनेच्या वेळंला पैसे कुठून आले गं? माझा भाऊ मेला म्हनून आले ना?"

हातातली परात तशीच धरून रंगुबाई उभी राहिली. अश्विनीनं हात धुतला, दोन्ही मुलांना उठवलं आणि नवऱ्याला, श्रीमंतला, गाडी काढायला सांगितली. पाथर्डीकडच्या त्या कोरड्या माळावरून ती देवळाली प्रवऱ्याला, सासरी, परतली.

मोनिका काही वाईट मुलगी नव्हती, हे अश्विनीला ठाऊक होतं. लग्न होऊन आली तेव्हाच तिच्याकडे विमान चालवायचा परवाना होता. तिच्या वडिलांनी आयुष्यभराची कमाई त्यात ओतली होती. पण परवाना असून नोकरी मिळत नाही, हे नंतर कळलं. ज्या जातीचं विमान, त्या जातीचं वेगळं ट्रेनिंग, आणि लहान लहान शहरांना जोडणारी ती पंख्याची विमानं चालवायची तर ते ट्रेनिंग आधी स्वतःच्या खर्चानं करून या, मग घेतो, असं कंपनीचं म्हणणं. दादा सुप्याच्या कारखान्यात जादा पाळ्या करायचा तो त्यासाठीच. "तुझ्या वहिनीला एकदा विमानात बसवलं की मी सुटलो, अशे," असं तो अश्विनीला हसून म्हणायचा. जादा पाळी करून परत येतानाच तो गेला... आणि म्हणूनही असेल, अश्विनीला त्या विमानाचा शब्दही ऐकवत नव्हता.

आईचे फोन यायचे. अश्विनी मोबाईलकडे नुसती बघत राहायची, तो वाजून वाजून थांबायचा आणि ती पुन्हा भांड्यांकडे वळायची. "एकदा उचल तरी," श्रीमंत म्हणायचा. तो मनाचा सरळ माणूस. "मामींचं वय झालंय." ती मान हलवायची. रागही आता राहिला नव्हता. गोठा, डबे, मुलांचा अभ्यास, सासऱ्यांचं पथ्य... सगळं हातांनी आपोआप होत होतं, आणि आपण ते कुठूनतरी लांबून बघतोय असं तिला वाटे.

दिवाळी होऊन गेल्यावर मोनिका एकटीच आली. वाळली होती. ओसरीवर टेकत तिनं सांगितलं, "ट्रेनिंग झालं, ताई. पास झाले. पण कंपनीनं आमची बॅच थांबवलीय. विमानं यायची आहेत म्हणे. कधी घेतील ते सांगत नाहीत."

"मग?"

"नागापूरला एका कारखान्याच्या ऑफिसात फोन घेते सध्या." तिनं कपातला चहा फिरवला, प्यायला नाही. "मी आत्यांना म्हटलं होतं, आधी ताईंना विचारा. त्यांनी ऐकलं नाही. तरी ते पैसे मी घेतले, हे खरंच आहे. तुम्हाला हे तोंडावर सांगावं म्हणून आले."

आपल्याला थोडं तरी बरं वाटायला हवं होतं, असं अश्विनीला वाटून गेलं. नाहीतर निदान हळहळ तरी. तिनं स्वतःच्या मनात चाचपून पाहिलं. तिथं दोन्ही नव्हतं. "आई कशी हाय?" एवढंच तिनं विचारलं.

"भावाकडे गेल्यात, छगनमामांकडे, काही महिन्यांसाठी. करमत नाही म्हणाल्या."

माघात श्रीमंतच्या उसाला तोड आली. ऊसतोड मजुरांची टोळी पाथर्डीकडचीच होती, पण ती दरवर्षीच तिकडून यायची. त्यात अश्विनीला काही वेगळं वाटलं नाही. ऊन तापल्यावर ती कळशी आणि तांब्या घेऊन फडावर गेली. माणसं कोयत्यानं ऊस पाडत होती, बाया मोळ्या बांधत होत्या. कडेच्या सरीत एक म्हातारी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून वाकली होती. अश्विनी जवळ येताच ती पाठमोरी झाली.

"मावशे, पानी घे."

म्हातारीनं न वळताच ओंजळ पुढे केली. अश्विनीनं पाणी ओतलं, थोडं बाहेर गेलं.

"सांडू नगं, पोरी..." तोंडून सवयीनं निघून गेलं, आणि ओंजळ तशीच थिजली.

अश्विनीच्या हातातली कळशी खाली आली. तिनं तो पदर मागे सारला. रापलेला, सुकलेला, उसाच्या पाल्यानं ओरखडलेला आईचा चेहरा! जावयाच्या शेतात, जावयाच्या उसाला, मजुरीवर वाकलेली तिची आई...

"आई, हे काय करतीयस तू?"

रंगुबाई सरीतच बसली. "छगनची बायको गुडघ्यानं बसली. ऊस तोडायला त्याला जोडीला मानूस पायजे हुतं. टोळी तुज्या गावाकडं येनार व्हती, म्हनलं, लांबून तरी दिसशील. ह्या फडावर नगं धाडू म्हनून मुकादमाच्या पाया पडले. त्यानं ऐकलं न्हाई."

"मोनिकासाठी? अजून पैसे लागत्यात तिला?"

"तिच्यासाठी न्हाई." रंगुबाईनं पदरानं तोंड पुसलं. तिच्या डोळ्यांतही पाणी नव्हतं. बराच काळ मनात घोळवलेलं ती एकेक करून बाहेर ठेवत होती. "तो पैसा आला, अन् मला त्याची भाकर खाववंना. दादा गेल्यावर ती पोर दिवसभर दारात बसून ऱ्हायची, मी चुलीम्होरं. एका घरात दोन मढी. म्हनलं, एकीला तरी उठवावं. तिला दिले त्याचं मला वाईट न्हाई वाटत, अशे. पर तू ताट सारलंस ना, त्या दिशी मला एक कळलं. तुज्या वेळंला पैसे न्हवते हे खरं. पर असते तरी मी दिले नसते. लेक म्हनून. परक्याच्या घरी जायची म्हनून. कधी मनात पन आलं न्हाई, की तुला काय वाटलं आसंल."

पलीकडच्या सरीतले कोयते चालूच होते.

"छगनच्या पोराला नगरच्या नर्सिंगच्या कालेजात धाडलं हुतं, इचारायला," रंगुबाई खालच्या मानेनं म्हणाली. "पस्तिशीपत्तर घेत्यात म्हनं. तुला अजून वय हाय. फीपुरतं जमलं की घेऊन येनार हुते. त्याच्या आदी तोंड कसं दाखवू?"

अश्विनी खाली बसली. आईचे हात तिनं आपल्या मांडीवर घेतले. तळव्यांना फोड येऊन फुटले होते, बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. ती एक चिंधी सोडू लागली आणि मध्येच तिला दिसेनासं झालं. रडू असं फुटलंच नाही, नुसतं पाणी गळत राहिलं... दादासाठी, आईसाठी, आणि कुणीच कधी न विचारलेल्या त्या नगरला जाऊ पाहणाऱ्या पोरीसाठी. इतके दिवस न आलेलं सगळं एकदमच आलं, आणि तिनं ते पुसलं नाही.

बांधावरून श्रीमंत धावत आला. सासूला ओळखताच त्यानं चपला काढल्या आणि पायावर डोकं ठेवलं. "मामी, घरी चला."

"पैशाची उचल घेतलीय आधीच. मधी सोडून कशी येऊ?"

"मुकादमाचं मी बघतो," तो म्हणाला आणि तसाच टोळीकडे वळला.

अश्विनीनं मोबाईल काढला. मोनिकाचा नंबर तिनं आजवर कधी लावला नव्हता. पलीकडून घाईघाईनं आवाज आला, "ताई? अहो, आत्यांना सकाळपासून लावतेय, लागतच नाही. कंपनीचा मेल आलाय. पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय. त्यांना आधी सांगायचं होतं."

"आई हितं हाय, माझ्याजवळ. थांब." तिनं फोन आईच्या कानाला लावून धरला.

रंगुबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं, बाई. जेवलीस का?" आणि थोड्या वेळानं, "व्हय, व्हय, सांगते." तिनं मान मागे घेतली, फोन बंद झाला.

"काय म्हनली?"

"रडतीय. तुला सांग म्हनली, पयल्या पगारात ताईचा वाटा." रंगुबाईनं लेकीच्या केसांत अडकलेलं पाचट काढून टाकलं. "तिचं लागलं मार्गी. आता तुजं."

अश्विनीनं सुटलेली चिंधी आईच्या बोटाला पुन्हा गुंडाळली. मग तिनं हळूच विचारलं, "आन् पोरं? त्यांना कोन बघंल?"

"मी हाय की," रंगुबाई म्हणाली.