न ओवाळलेला तुकडा

खाली हौदावरचा पंप घर्र करून सुरू झाला, तशी सुलेखा दचकली.

भरदुपारची वेळ. लेक विनू झोपलेली. घरात तिसरं कुणी नाही, आणि नळ सोडल्याशिवाय हा पंप चालू होत नसे. कॅरिबियनमधल्या या सेंट क्रॉय बेटावर पाण्याची टंचाईच. प्रत्येक घराच्या पोटात पावसाच्या पाण्याचा हौद, नळ उघडला की पंप ते वर ढकलणार. तिने स्वयंपाकघर पाहिलं, बाथरूम पाहिली. नळ घट्ट बंद, बेसिन कोरडं ठाक. जरा वेळाने पंप आपसूक थांबला.

कालही असंच झालं होतं. "पाइप जुने आहेत, कुठेतरी गळत असेल," असं घरमालकीण मिसेस जोसेफ म्हणाल्या होत्या. सुलेखाला ते पटलं होतं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या बाईला पटण्यासारखंच होतं ते.

पटत नव्हता तो तिचा नवरा, प्रसन्न. त्याच्या साहेबांची, हॅरीची, शिडाची बोट कॅनरी बेटांवरून अटलांटिक ओलांडून इथे आणायची होती, आणि हा पठ्ठ्या सोबत निघाला. "असा चान्स पुन्हा नाही, सुलू! तू विनूला घेऊन फ्लाइटने ये. ख्रिसमसला आपण तिघं मिळून फेस्टिव्हल बघू. रस्त्यात नाचू यार!" निघताना विनूचा तोकडा झालेला केशरी फ्रॉक कापून सुलेखाने झेंडा शिवून दिला होता, डोलकाठीला बांधायला.

ख्रिसमस गेला. नवं साल लागलं. गावात रोज ढोल, रोज मिरवणुका, आणि ही आपली मुलीला काखेत घेऊन समुद्राकडे डोळे लावून बसलेली. बंदरातल्या ऑफिसात विचारलं की एकच उत्तर : वारा पडला असेल. इकडे उद्या परतीची फ्लाइट, आणि सोमवारी न्यू जर्सीत, एडिसनजवळच्या एका लॅबमध्ये तिच्या नोकरीचा पहिला दिवस. अमेरिकेत आल्यापासूनची पहिली नोकरी. सोमवारपासून विनूला मी बघेन, असा प्रसन्नचा शब्द होता. तो शब्दही आता बोटीबरोबर कुठेतरी भरकटला होता.

त्यात सासूबाईंनी पुण्याहून फोनवर बजावलेलं : "समुद्र ओलांडून येतोय हो तो. वाटेत काय काय अंगाला चिकटतं. दारातच भाकरतुकडा ओवाळून टाक, मगच आत घे." इथे कुठली भाकरी? म्हणून ती रोज सकाळी पावाचा ताजा तुकडा बशीत काढून दाराशी ठेवायची आणि रोज संध्याकाळी तो वाळलेला बघायची.

आज पंप थांबला आणि तिचं डोकं फिरलं. "घाल म्हणावं चुलीत तो समुद्र!" म्हणत तिने बशीतला तुकडा उचलला आणि मागच्या खिडकीतून अंगणातल्या कोंबड्यांना भिरकावला.

त्याच वेळी जिन्यावर पावलं वाजली.

प्रसन्न दारात उभा होता. तोच निळा जर्किन, तोच डावा खांदा किंचित उतरलेला.

"आलात?" तिचा आवाज चिरकला. "संपला का समुद्र?"

"येऊ का आत?"

"आता विचारतोयस? ये की!"

तो आत आला आणि खोलीतल्या अंधाऱ्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला. बोट कुठंय म्हणून विचारलं, तर धक्क्याच्या पलीकडे, म्हणाला. सुलेखा बोलत सुटली. फोन नाही, निरोप नाही, पोरगी रोज विचारते, उद्या माझी फ्लाइट आहे ते तरी आठवतंय का? त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तू जा," तो म्हणाला. "विनूला इथेच ठेव. मी सांभाळतो."

हेच ऐकायला ती चार वर्षं आसुसली होती. सगळा राग बर्फासारखा वितळला. "नक्की?" तिने विचारलं. "तिचा दात हलतोय. रात्री घाबरते. जमेल तुला?"

"ठेवून जा."

"बरं," ती म्हणाली.

विनू उठून दारात आली आणि तिथेच थांबली. "अगं, बाबा आले!" सुलेखाने तिला पुढे ढकललं, तर ती आईच्या पायांमागे लपली. इतक्या आठवड्यांनी बघतेय, विसरली असेल, सुलेखाने मनाशी म्हटलं. दाढी न वाढलेला त्याचा गुळगुळीत चेहरा तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आला. बोटीवर करत असेल दाढी. खिडकी लावताना तिने खाली पाहिलं. दाण्यादाण्यासाठी भांडणाऱ्या कोंबड्या भिंतीशी गोळा होऊन उभ्या होत्या. तुकडा अंगणाच्या मधोमध तसाच पडलेला.

रस्त्यावर ढोल वाजले. फेस्टिव्हलची मोठी मिरवणूक.

"चल ना, बघू! तूच म्हणाला होतास."

"तुम्ही बघा."

मायलेकी गॅलरीत आल्या. पुढे स्टीलचे ड्रम, मागे उंच बांबूंवर चालणारे, झगमगीत कपड्यांतले नाचे : मोको जंबी. मिसेस जोसेफ सांगायच्या, हे असेच लांब ढांगा टाकत आफ्रिकेहून समुद्र तुडवत आले. एवढे उंच, की नको ते दुरूनच दिसतं त्यांना. त्यांची तोंडं बरोबर गॅलरीच्या उंचीला येत. एक जण नाचत नाचत जवळ आला, विनूकडे बघून हसला, हात पुढे केला. विनू खिदळली.

मग त्याची नजर त्यांच्या मागे, खोलीत गेली.

त्याचा हात तसाच हवेत राहिला. ढोल वाजत होता, पण तो हलेना. मग पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे टाकत तो सरकत गेला.

त्याच्यामागचे सगळे रस्त्याच्या पलीकडच्या कडेने गेले. या गॅलरीकडे कुणीही पाहिलं नाही.

सुलेखा वळली. खुर्ची रिकामी होती. बाथरूमचं दार लावलेलं, आत शॉवरचा आवाज. आंघोळीला गेलाय, तिने श्वास सोडला.

पाणी धो धो पडत होतं. ती ऐकत राहिली. काहीतरी कमी होतं.

पंप वाजत नव्हता.

तिने जमिनीला तळवा टेकवला. फरशी गार होती, निश्चल होती. पाणी पडतच होतं.

"प्रसन्न?"

"ठेवून जा," आतून आवाज आला.

"आई! आई, लुक!" विनू गॅलरीच्या कठड्याला लटकून ओरडली. "माझा फ्रॉक!"

ती धावली, विनूला तिने कमरेवर घेतलं. धक्क्याच्या अल्याड एक बोट शीड उतरवत होती. डोलकाठीवर केशरी चिंधी फडफडत होती. पुढच्या टोकाशी दाढी वाढलेला, काळवंडलेला एक माणूस दोन्ही हात हलवत होता. डावा खांदा किंचित उतरलेला.

विनूनेही हात हलवला. मग मागे, बाथरूमच्या दाराकडे बघितलं.

शॉवर थांबला होता.

"आई," ती आईच्या कानाशी लागून कुजबुजली, "दॅट्स बाबा. मग आत कोण आंघोळ करत होतं?"